वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा म्हणून : लेखनाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विनंती केली होती की, लिहिताना अडलेली जागा आणि शक्य असल्यास स्वतःचा एखादा मसुदा आमच्याकडे पाठवावा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतली बहुतेक पत्रे अर्ज, निवेदने, शाळेतले निबंध अशा रोजच्या लेखनाविषयी आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. जळगावातल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षे मुद्रितशोधन केले. त्या काळात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली, ती अशी की, मजकूर अडतो तो सहसा व्याकरणापाशी अडत नाही. वाचणाऱ्याला हा कागद वाचून पुढे काय करायचे आहे, याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नसतो, म्हणून तो अडतो. खालील उत्तरे त्याच अनुभवातून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : ताई, जूनमधल्या वादळात माझी केळीची बाग आडवी झाली. पंचनामा व्हावा म्हणून अर्ज दिला, पण आठ दिवस झाले तरी बांधावर कोणी आले नाही. अर्ज माझ्या शिकलेल्या पुतण्याने लिहून दिला होता. तो असा : ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, नुकत्याच झालेल्या नैसर्गिक आपत्तीमुळे अर्जदाराच्या शेतातील उभ्या पिकाचे प्रचंड प्रमाणात नुकसान झालेले असून त्यामुळे अर्जदारावर उपासमारीची वेळ आलेली आहे. तरी सदर बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.’ यात काय चुकले?
— एक केळी उत्पादक, तापीकाठ

उत्तर : भाऊ, या अर्जात एक अक्षरही खोटे नाही आणि व्याकरणाची मोठी चूकही नाही. तरीसुद्धा हा कागद हातात घेऊन कोणताही कर्मचारी आपल्या बांधापर्यंत पोहोचू शकणार नाही, कारण बांध कुठे आहे हे त्यात लिहिलेलेच नाही. वादळ झाले की कार्यालयात एकाच वेळी अर्जांचा गठ्ठा येतो. तो गठ्ठा चाळणाऱ्या माणसाला ठरवायचे असते ते एवढेच की, कोणत्या शिवारातल्या कोणत्या गटात जायचे, कशाची पाहणी करायची, ती कोणी करायची आणि कधीपर्यंत करायची. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्या अर्जात सापडत नाही.

शब्द एकेक करून पाहू. ‘नुकत्याच’ म्हणजे कोणत्या तारखेला? ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणजे वादळ, गारपीट, पूर की पावसाचा खंड? ‘उभे पीक’ म्हणजे केळी, कापूस की मका? ‘प्रचंड’ हा शब्द गठ्ठ्यातल्या प्रत्येक अर्जात असतो, त्यामुळे तो वाचणाऱ्याच्या नजरेला दिसेनासा झालेला असतो. सर्वांत घातक आहे ते शेवटचे ‘योग्य ती कार्यवाही’. आपल्याला पंचनामा हवा होता, पण पंचनामा हा शब्द अर्जात कुठेच आलेला नाही. काय योग्य हे ठरवण्याचे काम आपण वाचणाऱ्यावर सोपवले आणि अर्ज फाइलला लावणे हीसुद्धा एक कार्यवाहीच असते.

आपल्या पत्रात पुढे जी माहिती होती, तिच्या आधाराने तयार केलेला मसुदा असा आहे. तो आपल्याला टपालाने पाठवला आहेच. इतर वाचकांच्या उपयोगासाठी इथे छापत आहोत.

‘विषय : गट क्रमांक … मधील वादळाने पडलेल्या केळीच्या बागेचा पंचनामा करण्याबाबत. महोदय, ११ जून रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास झालेल्या वादळात माझ्या बागेतील केळीची २,१०० झाडे मोडून पडली. बाग ८० आर क्षेत्रात असून तीत एकूण ३,५०० झाडे होती. पडलेली बहुतेक झाडे निसवलेली होती आणि त्यांचे घड पुढील महिन्यात कापणीला येणार होते. पाहणी व्हावी म्हणून पडलेली झाडे मी अद्याप हलवलेली नाहीत. परंतु पावसामुळे खोडे कुजू लागली असून २५ जूननंतर मला बाग मोकळी करावी लागेल. तरी त्यापूर्वी तलाठी व कृषी सहायक यांनी बागेची पाहणी करून पंचनामा करावा, ही विनंती. सातबारा उतारा आणि १२ जून रोजी घेतलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.’

या मसुद्यात नुकसानीला एकही विशेषण लावलेले नाही. ३,५०० झाडांपैकी २,१०० पडली, हे वाचल्यावर ‘प्रचंड’ हा शब्द वाचणारा स्वतःच मनात म्हणतो आणि जे त्याने स्वतः म्हटले, ते त्याला पटवून द्यावे लागत नाही. ‘उपासमारीची वेळ’ काढून टाकली, याचा अर्थ आपल्या अडचणीची मला किंमत नाही असा कृपया घेऊ नका. पंचनाम्यात त्या शब्दासाठी रकाना नसतो; झाडांच्या संख्येसाठी आणि क्षेत्रासाठी असतो. घाई का आहे, हेही कळवळून न सांगता खोडे कुजण्याच्या कारणाने आणि तारखेने सांगितले आहे.

दुसरा बदल क्रियापदांचा आहे. ‘सादर करण्यात येते’, ‘नुकसान झालेले असून’, ‘कार्यवाही होणेस’ या सगळ्या रचनांत काम करणारा माणूस अदृश्य असतो. राज्याच्या कारभाराची भाषा मराठी व्हावी म्हणून १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि मराठी कचेरीत आली ही मोठी गोष्ट होती. पण कचेरीतल्या वाक्यांची ठेवण मात्र घरातल्या मराठीची राहिली नाही. ‘पंचनामा करण्यात यावा’ असे लिहिले की तो कोणी करावा हे मोकळे राहते. ‘तलाठी व कृषी सहायक यांनी पंचनामा करावा’ असे लिहिले की वाक्याला कर्ता मिळतो आणि कागद कोणाच्या टेबलावर जायचा तेही ठरते. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. अर्जात नवे पदनाम लिहिले तर अधिक चांगले. पुतण्याला मात्र रागावू नका. त्याने जे अर्ज वाचले, त्यांच्यासारखाच अर्ज लिहिला.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझे विद्यार्थी पावसाला ‘पर्जन्यराजा’ आणि शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हटल्याशिवाय निबंध सुरूच करत नाहीत. सोपे लिहा असे सांगितले तर पालक म्हणतात, मग निबंधाला वजन कसे येणार? दुसरे असे की, मुलांच्या लेखनात अहिराणी शब्द आले तर ते खोडावेत का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : आपण अमळनेरच्या आहात, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. साने गुरुजी आपल्या गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि ती अठराही प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली. विषय तत्त्वज्ञानाचा, तरीही विनोबा रोजच्या व्यवहारातले दाखले देत बोलले आणि ते बोलणे गुरुजींनी त्याच साधेपणाने कागदावर उतरवले. त्या लेखनाला वजन नाही, असे कोणताही पालक म्हणणार नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी लिहून घेतल्या म्हणून टिकल्या, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शेत, जाते, विहीर, पाखराचा खोपा यांच्या बाहेरचे शब्द त्यांना फारसे लागले नाहीत.

पालकांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. वजन हवेच, पण ते येते नेमकेपणातून. ‘पर्जन्यराजाचे आगमन झाले’ या वाक्यात मुलाने काहीच पाहिलेले नाही. ‘दुपारी चार वाजता पाऊस आला आणि वर्गाच्या पत्र्यावर इतका आवाज झाला की बाईंनी शिकवणे थांबवले’ असे त्याने लिहिले, तर ते त्याचे स्वतःचे वाक्य होते आणि परीक्षकाला एका गठ्ठ्यात ते दुसऱ्यांदा भेटत नाही. वर्गात एकदा करून पाहा : विद्यार्थ्यांना ‘पाऊस’ या विषयावर फक्त पाच वाक्ये लिहायला सांगा, आणि अट अशी घाला की प्रत्येक वाक्यात त्यांनी स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली एक तरी गोष्ट असलीच पाहिजे.

सोपा शब्द म्हणजे मोघम शब्द नव्हे, हेही त्यांना सांगावे लागेल. धरण, बंधारा, पाट आणि चारी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांना मिळून ‘पाण्याची सोय’ म्हटले तर वाक्य सोपे होते, पण निकामीही होते. पांझरा खोऱ्यातली फड पद्धत घ्या. फडात सगळे शेतकरी एकच पीक घेतात आणि बंधाऱ्याचे पाटाने आलेले पाणी ठरलेल्या पाळीने घेतात. त्या फडाला कोणी ‘सिंचन क्षेत्र’ म्हटले तर जमीन कळते, पण एक पीक आणि वाटून घेतलेले पाणी हा त्या शब्दातला सगळा व्यवहार गळून पडतो. म्हणून कामाचा, शेताचा, स्वयंपाकाचा जो खरा शब्द असेल तो ठेवावा आणि वाचणाऱ्याला तो ठाऊक नसण्याचा संभव असेल तर त्याच वाक्यात दोन शब्दांत उलगडून द्यावा.

अहिराणीविषयीचे माझे मत एका प्रसंगातून बनले आहे. लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या वस्तीच्या वतीने पाण्याचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. छापखान्यात काम करणारी म्हणून मी मोठ्या हौसेने ‘पाण्याच्या तीव्र टंचाईमुळे नागरिकांचे जनजीवन विस्कळीत झाले आहे’ असे लिहिले. ज्या अधिकाऱ्यांकडे आम्ही गेलो, त्यांनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि विचारले, ‘टंचाई सगळीकडेच आहे. तुमची काय वेगळी आहे?’ मी निरुत्तर झाले. माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘बारा दिन व्हयनात, पानी उनं नही.’ अधिकाऱ्यांनी पेन उचलले आणि अर्जाच्या समासात ‘१२ दिवस’ असे लिहून घेतले. माझ्या दोन पानांतून त्यांना उपयोगी पडेल असे काहीच निघाले नव्हते. सासूबाईंच्या सहा शब्दांतून आकडा निघाला.

तेव्हा अहिराणी शब्द सरसकट खोडू नका. मुलाच्या घरच्या बोलीत वाक्य बहुधा नेमके असते. ते नेमकेपण राखून त्याला प्रमाण मराठीत आणायला शिकवा. जिथे प्रमाण मराठीत तोडीचा शब्दच नाही, जसे की कळण्याची भाकरी, तिथे मूळ शब्दच राहू द्यावा. संवादात बोली जशीच्या तशी शोभते. अर्जात किंवा परीक्षेतल्या निबंधाच्या निवेदनात ती किती ठेवायची, हे वाचणारा कोण आहे यावर ठरवावे. पण बोली अशुद्ध आहे हे कारण मुलांना कधीही सांगू नये, कारण ते खरे नाही.

प्रश्न : मी वकिलांच्या कार्यालयात कारकून आहे. आमच्याकडची वाक्ये अर्धे अर्धे पान चालतात. नवे सहकारी म्हणतात, वाक्य दहा शब्दांच्या पुढे जाऊच द्यायचे नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : शब्द मोजून वाक्य तोडणे मला पटत नाही. लांब वाक्य कंटाळवाणे होते ते बहुतेकदा लांबीमुळे होत नाही. कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट झाल्याने होते. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ते येईपर्यंत मधले सगळे ओझे वाचणाऱ्याला डोक्यावर धरून उभे राहावे लागते. आपण पाठवलेल्या मसुद्याच्या धर्तीवर एक वाक्य घेऊ : ‘अर्जदार, ज्यांच्या वडिलांनी १९७४ साली खरेदी केलेल्या व नंतर दोन भावांत वाटणी झालेल्या परंतु फेरफार न नोंदवलेल्या जमिनीचा उत्तरेकडील हिस्सा सामनेवाल्यांनी नांगरला आहे, यांनी सदर तक्रार दाखल केली आहे.’ यात ‘अर्जदार’ पहिल्या शब्दाला भेटतात आणि त्यांनी काय केले ते कळायला वाक्याचे शेवटचे टोक गाठावे लागते.

हाच मजकूर घटना घडल्या त्या क्रमाने मांडला तर असा होईल : ‘अर्जदारांच्या वडिलांनी ही जमीन १९७४ साली खरेदी केली. पुढे दोन भावांत तिची वाटणी झाली, मात्र फेरफार नोंदवला गेला नाही. याच जमिनीचा उत्तरेकडील हिस्सा सामनेवाल्यांनी नांगरला, म्हणून अर्जदारांनी ही तक्रार दाखल केली आहे.’ एकही माहिती कमी झालेली नाही. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातल्या एखाद्या गोष्टीला धरून पुढे जाते : जमीन, तिची वाटणी, याच जमिनीचा हिस्सा. वाचणाऱ्याचे बोट सुटत नाही.

याउलट लांब असूनही अजिबात न अडखळणारे वाक्य पाहा : ‘ज्या शेतकऱ्यांनी मागील हंगामात कापूस विकला आहे, परंतु ज्यांच्या खात्यावर अद्याप रक्कम जमा झालेली नाही, त्यांनीच या अर्जावर सही करावी.’ ‘ज्या’ ऐकले की कान ‘त्या’ची वाट पाहतो आणि ‘जोपर्यंत’ ऐकले की ‘तोपर्यंत’ची. ही जोडी मराठीने आपल्याला दिलेली फार मोठी सोय आहे आणि तिच्या आधाराने वीस-पंचवीस शब्दांचे वाक्यही सरळ चालते. अटी, अपवाद आणि कारणे एकमेकांना बांधून सांगायची असतील तर लांब वाक्यच लागते. ती तुकड्यांत सांगितली की कोणती अट कोणाला लागू आहे हे हरवते.

आपल्या कामात वाक्याच्या लांबीपेक्षा शब्दाच्या जागेकडे अधिक लक्ष द्या, असे मी सुचवीन. ‘अपघातात जखमी झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाला मदत द्यावी’ या वाक्यात जखमी कोण, बाप की मुलगा? व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते. मुलगा जखमी असेल तर ‘शेतकऱ्याच्या अपघातात जखमी झालेल्या मुलाला’ असे लिहूनही घोळ मिटत नाही, कारण आता अपघातच शेतकऱ्याचा वाटतो. अशा वेळी वाक्य सोडवून ‘शेतकऱ्याचा मुलगा अपघातात जखमी झाला असून त्या मुलाला मदत द्यावी’ असे लिहिणे हाच सुरक्षित मार्ग आहे. ‘फक्त’ हा शब्दही असाच जागा बदलला की अर्थ बदलतो. ‘फक्त मंगळवारी दुकान बंद असते’ म्हणजे इतर सहा दिवस उघडे असते. ‘मंगळवारी फक्त दुकान बंद असते’ म्हणजे गोदाम किंवा कारखाना चालू असतो. करारपत्रात एवढ्या फरकावर वाद उभे राहतात.

विरामचिन्हांचा आळस करू नये, हेही याच ओघात सांगते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडीतले जुने कागद आहेत. मोडीत विरामचिन्हे नाहीत आणि शब्दही एकमेकांना लागून येतात, त्यामुळे वाक्य कुठे संपले हे जाणकारालाही संदर्भाने ओळखावे लागते. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी विरामचिन्हे मराठीत रूढ केली आणि वाचणाऱ्याचे ते कष्ट वाचले. आपल्या मसुद्यात सतरा ओळींत एकच पूर्णविराम होता.

प्रश्न : अर्जाच्या सुरुवातीला ‘सविनय’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे लिहावेच लागते का?
— एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : ‘महोदय’ आणि ‘विषय’ या दोन गोष्टी पुरतात. विषयाची ओळ नीट लिहिली असेल तर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने नवे काही सांगितले जात नाही. विनय हवाच, तो शेवटच्या ‘ही विनंती’त येतो. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतही मायना असे, पण त्याला काम होते. लांबलचक मायन्यानंतर ‘विज्ञापना ऐसीजे’ आले की वाचणाऱ्याला कळे, इथून मजकूर सुरू झाला. ‘बहुत काय लिहिणे’ आले की मजकूर संपला. विरामचिन्हे नसलेल्या कागदावर त्या खुणा होत्या. आज ते काम विषयाची ओळ आणि परिच्छेद करतात, म्हणून विषयात ‘विनंती अर्ज’ एवढेच न लिहिता कशाबद्दलची विनंती ते लिहावे.

प्रश्न : मजकूर चांगला असेल तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी काय बिघडते?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : कधी अर्थ बिघडतो : ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. अर्थ बिघडला नाही तरी वाचणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावरून चुकीकडे जाते आणि ज्याने अक्षर तपासले नाही त्याने आकडे तरी तपासले असतील का, अशी शंका त्याच्या मनात येते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत. पहिले १४ नियम १९६२ सालचे आणि उरलेले ४ नियम १९७२ सालचे. एका रविवारच्या दुपारी ते वाचून होतात.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटाला ग्रामपंचायतीची रिकामी खोली संध्याकाळी मुलींच्या अभ्यासिकेसाठी हवी आहे. ग्रामसभेत वाचून दाखवायचे निवेदन मी लिहिले आहे. त्याची सुरुवात अशी : ‘आजच्या स्पर्धेच्या युगात शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. एक मुलगी शिकली तर संपूर्ण कुटुंब शिकते. तरी आपल्या गावातील गोरगरीब मुलींच्या उज्ज्वल भविष्याचा विचार करून आम्हांस अभ्यासिका मिळावी.’ सरपंचांना ते आवडले, पण काही सदस्य कुरकुर करत आहेत. मन वळवणारे निवेदन कसे लिहावे?
— बचत गटाची सचिव, शहादा तालुका

उत्तर : ताई, आपण हाती घेतलेले काम फार मोलाचे आहे, म्हणून निवेदनाबद्दल स्पष्ट लिहिते. शिक्षण महत्त्वाचे आहे, या वाक्याला ग्रामसभेत कोणाचाच विरोध नाही. जे सगळ्यांना आधीच मान्य आहे ते पटवण्यात आपण पहिली दोन वाक्ये खर्च केली आणि ज्यावर कुरकुर आहे त्याबद्दल एकही वाक्य लिहिले नाही. आपल्या पत्रातच पुढे सदस्यांचे आक्षेप आहेत : विजेचे बिल कोण भरणार, किल्ली कोणाकडे राहणार आणि अंधार पडल्यावर मुलींना घरी कोण सोडणार. निवेदनाचा गाभा तोच आहे. ‘गोरगरीब’ हा शब्दही काढावा, अशी माझी विनंती आहे. ज्या मुली त्या सभेत आईशेजारी बसलेल्या असतील, त्यांना तो ऐकावा लागणार आहे.

पहिले वाक्य मागणीचे असू द्या : ‘ग्रामपंचायतीची पश्चिमेकडील रिकामी खोली दररोज सायंकाळी ६ ते ९ या वेळेत अभ्यासिकेसाठी वापरण्यास ग्रामसभेने तीन महिन्यांकरिता परवानगी द्यावी.’ तीन महिन्यांची मुदत मुद्दाम घातली आहे. कायमचा निर्णय घ्यायला जो सदस्य कचरतो, तो परत फिरवता येण्याजोग्या निर्णयाला हात वर करतो. त्यानंतर गरज सांगा, आणि ती आपण मोजलेल्या आकड्यांनी सांगा : गावातल्या १७ मुली पोलीस भरती आणि इतर परीक्षांची तयारी करत आहेत आणि त्यांपैकी ११ जणींच्या घरी एकच खोली आहे. आपल्या पत्रातले हे दोन आकडे मूळ निवेदनात यायला हवे होते.

मग आक्षेप घ्या, आणि ते सदस्य ज्या शब्दांत बोलले त्याच शब्दांत घ्या. ‘काही विघ्नसंतोषी लोक विरोध करत आहेत’ हे आपले दुसऱ्या पानावरचे वाक्य पूर्ण काढून टाका, कारण ज्यांचे मत हवे आहे त्यांनाच ते दुखावते. त्याऐवजी लिहा : ‘विजेचे बिल कोण भरणार, असा प्रश्न सदस्यांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे.’ लगेच हिशेब द्या. २० वॉटच्या दोन ट्यूब आणि ७५ वॉटचे दोन पंखे मिळून १९० वॉट होतात; रोज तीन तास याप्रमाणे तीस दिवसांचे सुमारे १७ युनिट होतात. तेवढ्या युनिटची रक्कम दरमहा बचत गट ग्रामपंचायतीकडे जमा करील, असे आपण पत्रात म्हटले आहे. ते निवेदनात आणा. किल्ली कोणत्या दोन सभासदांकडे राहील आणि नऊ वाजता मुलींबरोबर कोण चालत जाईल, याची वारांनुसार पाळी ठरवून ती निवेदनाला जोडा. आपल्या दहा जणींची नावे पाळीसह वाचली गेली की विरोध करणाऱ्याला दिसते की, गावावर नवे काम येत नाही, ते आपण आधीच अंगावर घेतले आहे.

हे निवेदन कानांनी ऐकले जाणार आहे, हे लिहिताना विसरू नका. ऐकणाऱ्याला मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही. म्हणून एका वाक्यात एकच आकडा ठेवा आणि मागणीचे पहिले वाक्य शेवटी जसेच्या तसे पुन्हा वाचा. सभेआधी ते घरात मोठ्याने वाचून पाहा, आणि शक्य असेल तर कुरकुर करणाऱ्या सदस्यांपैकी एखाद्याच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवा. ते जिथे मध्येच थांबवतील, तिथे काठावर खूण करा. निवेदनात अजून एक वाक्य हवे आहे ते तिथेच. नवा मसुदा ग्रामसभेच्या आठ दिवस आधी मिळाला, तर मी तो वाचून उलट टपाली पाठवीन.